मृगाचं वाहन आणि संत मेदार

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या घराला तळघर आहे आणि मला तळघराची भीती वाटते. घर दाखवणाऱ्या बाईंनी ते मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. मी जिन्याचा कठडा घट्ट धरून मान हलवत होतो. जमिनीवर इतकी जागा असताना माणसाला जमिनीखाली राहायची हौस का होते, हे मला अजून कळलेलं नाही. तिथे कोपऱ्यात एक पंप आहे. खाली साचलेलं पाणी तो बाहेर फेकतो. पाऊस लागला की मी बॅटरी घेऊन थोड्या थोड्या वेळाने खाली जातो आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा त्याच्यापाशी उभा राहतो. पंपाला माझा काडीचा उपयोग नाही. पण त्याचा आवाज ऐकला की छातीतली धडधड जरा खाली बसते.

आज सकाळपासून पाऊस आहे. दुपारच्या फेरीला माझ्या कोपराचा धक्का लागून फळीवरचं एक खोकं खाली आलं. टेक्सासमधल्या शुगर लँडहून इकडे येताना बांधलेलं, नंतर कधीच न उघडलेलं. झाकण निघालं आणि आधी वास आला. हिंगाचा. इतकी वर्षं बंद राहूनही तो तसाच होता, उग्र, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. आत मराठी कॅलेंडरचं जून महिन्याचं पान होतं आणि पानात गुंडाळलेला एक वीतभर उंचीचा प्लास्टरचा संत. त्याच्या डोक्यावर पंख पसरलेला गरुड. गरुडाचा एक पंख तुटलेला.

मी पायरीवर बसलो. पंप घरघरत होता आणि मला पायांखाली पाणी वाढल्यासारखं वाटत होतं. फरशी कोरडी होती. हात लावून पाहिली.

नव्या शतकाची ती पहिली वर्षं. शुगर लँडची आमची गल्ली पुढे बंद होत होती आणि तिच्या मागून एक संथ, मातकट नाला जायचा. त्याला तिकडे बायू म्हणतात. त्याच्या चिखलाचा वास संध्याकाळी कापलेल्या गवताच्या वासात मिसळून खिडकीतून आत यायचा. हवा इतकी दमट की मिठाच्या बरणीत तांदूळ टाकूनही मीठ सुटत नसे. मी पाईपमधून तेल किती वेगाने वाहील याची गणितं करून पोट भरत होतो. प्रवाह हा माझा विषय, असं मी पार्टीत सांगायचो. पाईपच्या आत असेल तोवरच, हे सांगायचो नाही.

शेजारी मिस ओडील राहायची. तिकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. सत्तरीची, एकटी, लुइझियानातून आलेली, घरात फ्रेंच बोलणाऱ्या आईबापांची मुलगी. ती सगळ्यांना 'शा' म्हणायची. म्हणजे लाडक्या. मलाही म्हणायची आणि कचऱ्याच्या गाडीवाल्यालाही, त्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नाही. तिच्या व्हरांड्यात चिकोरी घातलेल्या काळ्या कॉफीचा कडवट वास असायचा, आणि खिडकीच्या कट्ट्यावर हा संत. संत मेदार. त्याचा दिवस आठ जून. त्या दिवशी पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडत राहतो, असं तिच्या आजीपासून चालत आलेलं. जून जवळ आला की मिस ओडील गप्प गप्प व्हायची. व्हरांड्यातल्या खुर्च्या आत घ्यायची, खिडकीच्या फटीत जुने टॉवेल कोंबायची. मला तिची गंमत वाटायची. घाबरट माणसाला दुसरा घाबरट भेटला की फार बरं वाटतं.

त्या वर्षी चंद्रपूरहून माझी आई आली होती. येताना लोणची, पापड, कॅलेंडर आणि कस्टमवाल्याच्या कुत्र्यालाही शिंक यावी इतका हिंग घेऊन. आठवड्याभरात तिची आणि मिस ओडीलची गट्टी जमली. दोघींना एकमेकींची भाषा ओ का ठो कळत नव्हती. व्हरांड्यात शेजारी शेजारी बसून आई मराठीत बोलायची, ओडील तिच्या इंग्रजीत, आणि दोघी एकाच वेळी माना डोलवायच्या. मी दुभाषा म्हणून गेलो की गप्पा बंद पडायच्या.

आमच्याकडे मृग लागतो तोही सात-आठ जूनला. चंद्रपूरच्या उन्हाने घरच्या भिंतीसुद्धा रात्रीपर्यंत तापलेल्या असायच्या. अंगणातली माती पायाला चटके द्यायची, आणि अशात मृगाच्या सकाळी आई हिंग तुपात फुलवून गुळात मळायची. बोराएवढ्या गोळ्या. घरातल्या प्रत्येकाने एक खायची, मग पावसाळाभर पोट बिघडत नाही. गूळ आधी विरघळायचा आणि मागे हिंग उरायचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. मग बाबा कॅलेंडर काढून वाहन वाचायचे. प्रत्येक नक्षत्र कशावर तरी बसून येतं ना. बेडूक, हत्ती, म्हैस आली की भरपूर पाऊस. उंदीर, गाढव आलं की आभाळाकडे बघत बसा. आणि एखादी सर येऊन गेली की ओल्या मातीतून मृगाचे किडे निघायचे. लाल, मखमली, हातावर घेतले की पाय आत ओढून गोळा होणारे. मी ते काड्यापेटीत ठेवायचो. काड्यापेटी कानाशी धरली की आत बारीक खरखर ऐकू यायची. त्या आवाजाचीही मला थोडी भीती वाटायची, पण ती गोड भीती होती. पुढे आलेल्या भीतीची चव निराळी होती.

त्या दिवशी शुगर लँडच्या स्वयंपाकघरात आईने गोळ्या केल्या. माझी बायको शुभा शहरातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती, ती पहाटेच गेली होती. आमची सहा वर्षांची मीरा नाक धरून म्हणाली, "आजी, इट स्मेल्स लाइक फीट."

"पायाचा तर पायाचा. खा."

आई एक गोळी वाटीत घालून मिस ओडीलकडे गेली. मी मागोमाग. ओडील खिडकीत संतापाशी उभी होती आणि बाहेर दक्षिणेकडून काळंभोर आभाळ वर चढत होतं. आईचा चेहरा उजळला. "आलं बघ. ऐन मृगावर. इथेसुद्धा."

ओडीलने छातीवर क्रूस काढला. "ऐन मेदारच्या दिवशी," ती म्हणाली.

एकच ढग. एकीला वाटत होतं तो यावा आणि दुसरीला वाटत होतं तो जावा. मी दोन्हीचं भाषांतर केलं, आणि दोघी माझ्याकडे असं बघू लागल्या की जणू मीच काहीतरी चुकीचं सांगतोय. ओडीलने गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले. मग म्हणाली, "शा, हे औषध आहे की शिक्षा?"

दुपारनंतर पाऊस सुरू झाला. आईने दार उघडं टाकलं, मीराला घेऊन उंबऱ्यात बसली. चारच्या सुमाराला शुभाचा फोन आला. लॅबमध्ये कोणी थांबा म्हणतंय, कोणी निघा म्हणतंय.

"आईंना विचार, वाहन काय आहे," शुभा हसत म्हणाली. ती नागपूरची, तिच्या घरीही हे सगळं होतं.

आईने कॅलेंडर पाहिलं आणि फोन स्वतःच घेतला. "गाढव आहे गं. थोडासा पडून जाईल. ये निवांत. तुझी गोळी ठेवलीये झाकून."

"मग निघतेच," शुभा म्हणाली.

साध्या सरीला जो आवाज असतो तो तासाभरात बदलला. छपरावर थेंब वेगळे ऐकू येईनात, एकच सलग गर्जना राहिली. गल्लीतले दिवे दिवसाउजेडी लागले आणि त्यांच्याखाली रस्ता दिसेना. आधी फुटपाथची कड गेली, मग पत्रपेट्यांचे खांब आखूड होऊ लागले. शुभाच्या सेलफोनवर बाईचा आवाज येत होता, हा ग्राहक सध्या उपलब्ध नाही. तो आवाज इतका गोड आणि शांत होता की मला त्या बाईचा गळा दाबावासा वाटला. टीव्हीवर कुठल्याशा पुलाखालचा रस्ता दाखवत होते. पाण्यावर गाड्यांची छपरं. मी रंग बघत होतो. शुभाची गाडी पांढरी. त्या दिवशी मला कळलं की जगातल्या निम्म्या गाड्या पांढऱ्या असतात.

आईने दार लावलं होतं. ती कॅलेंडरखाली पाट टाकून बसली होती, आणि दर वेळी फोन ठेवला की विचारायची, "येऊन राहिली का ती?"

मग तेही विचारायची थांबली. मी जवळ गेलो तर हळू आवाजात म्हणाली, "मी गाढव म्हटलं म्हणून निघाली ना ती."

"आई, ते कॅलेंडर महाराष्ट्राचं आहे. टेक्सासचं नाही."

"ते मला बोलायच्या आधी सुचायला पाहिजे होतं."

अंधार पडायच्या आत मिस ओडील आली. तिच्या घराचा पाया आमच्यापेक्षा खाली होता. गुडघाभर पाण्यातून, एका हातात चपला, दुसऱ्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला संत, तान्ह्या मुलासारखा धरलेला. आमच्या दाराच्या चौकटीला आपटून गरुडाचा पंख तुटला तो तेव्हाच. तिने तुकडा शोधला नाही. संत आमच्या देवघरात गणपतीच्या शेजारी ठेवला, आणि आईने त्यालाही हळदीकुंकू लावलं. वीज गेली. उदबत्तीचा, ओल्या गालिच्याचा आणि हिंगाचा वास एकत्र झाला. 

मीरा रडायला लागली तेव्हा ओडीलने तिला मांडीवर घेऊन मेदारची गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एक मुलगा होता. त्याच्याकडे जे असेल ते तो देऊन टाकायचा, अंगरखा, जेवण, बापाचा घोडासुद्धा. एकदा तो उघड्या माळावर पावसात सापडला. घोडा दिलेला, अंगरखा दिलेला. तेव्हा एक गरुड आला आणि त्याच्या डोक्यावर पंख पसरून हवेत थांबला. सगळा माळ भिजला, तो मुलगा कोरडा.

"अँड द अदर पीपल?" मीराने विचारलं. "हू वॉज ओव्हर देम?"

"माझी आजी सांगायची, बाकीचे भिजले आणि त्याला हसले. म्हणून चाळीस दिवसांची शिक्षा झाली. आमचे पाद्री वेगळंच सांगायचे."

"बट डझ मम्मा हॅव ॲन ईगल?"

मी हे आईसाठी मराठीत आणलं नाही. तिने विचारलंही नाही. तिला कळलं होतं.

ओडीलने एवढंच सांगितलं की तीन दिवसांनी संत बार्नबसचा दिवस येतो. मेदारने लावलेला पाऊस थांबवायची ताकद त्या एकट्यात आहे. "भला माणूस आहे," ती म्हणाली, "पण उशिरा येतो."

ती रात्र मी सांगत नाही. सांगण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, फक्त आवाज होता.

सकाळी पाऊस थांबला होता आणि तेच जास्त भयंकर वाटत होतं. सगळीकडे तपकिरी, निश्चल पाणी. आमच्या दाराच्या शेवटच्या पायरीपर्यंत येऊन थांबलेलं. त्यात कचऱ्याचे डबे, कुणाची तरी बाहुली, टेनिसचे चेंडू. बेडूक असे ओरडत होते की कान किटले. माझी गाडी चढावावर उभी होती, चाकं अर्धी पाण्यात. मी किल्ली घेतली. शुभाला शोधायला निघालो होतो. कुठे, ते माहीत नव्हतं. रेल्वेच्या पुलाखालून जाणारा रस्ता शहराकडे जातो एवढं माहीत होतं.

"जाऊ नको," आई म्हणाली.

"मग काय करू? बसू?"

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलो. आणि मला ते दिसले. गाडीच्या दाराशी, पाण्यावर तरंगत, ताटाएवढा एक लाल मखमली गालिचा. उन्हाची तिरीप पडून तो हलके हलके थरथरत होता. रात्रभर न झोपलेल्या डोळ्यांनी मी ते पाहिलं आणि चाळीस वर्षांचा माणूस क्षणात आठ वर्षांचा झाला.

"आई," मी ओरडलो, "मृगाचे किडे. इथे. बघ किती."

आई दारात आली. डोळे बारीक करून तिनेही पाहिलं, आणि रात्रीपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "शकुन आहे बघ," ती म्हणाली. "घे हातावर. हळू घे, मऊ असतात."

मी ओंजळ पुढे केली.

मिस ओडील आतून किंचाळत आली तोवर उशीर झाला होता. टेक्सासच्या लाल आगमुंग्या पुरात असा तराफा करतात, एकमेकींना धरून, पिल्लांना आणि राणीला मध्ये घेऊन, आणि कोरडी जागा मिळेपर्यंत वाहत राहतात. त्या सकाळी त्यांना मिळालेली पहिली कोरडी जागा म्हणजे मी. कोपरापर्यंत चढल्या आणि मग, जणू कुणी हुकूम दिल्यासारख्या, सगळ्या एकदम चावल्या. मी नाचलो. पडलो. पाणी प्यालो. हात झटकताना किल्ली कुठे उडाली ते कळलंही नाही. ओडील झाडूने मला बडवत होती, आई दारातून "अगं बाई, अगं बाई" करत होती, आणि मीरा, जिने रात्रभर एक घास खाल्ला नव्हता, ती हसत होती. हसता हसता तिला उचकी लागली.

किल्ली त्या तपकिरी पाण्यात गेली ती गेलीच. हात कोपरापर्यंत सुजून भोपळ्यासारखा झाला. मी सोफ्यावर पडून होतो आणि आई माझ्या हाताला चुना लावत होती. माझे डोळे गळत होते, हातामुळे नाही. पुढे कळलं की रेल्वेच्या पुलाखाली तेव्हा दोन माणसं उभी बुडतील एवढं पाणी होतं, आणि वरून ते साध्या डबक्यासारखं दिसत होतं.

शुभा दुपारी आली. गल्लीच्या तोंडाशी एक प्रचंड ट्रक थांबला, त्यातून ती उतरली आणि चपला हातात घेऊन पाण्यातून चालत आली. मी धावलो नाही. माझे पाय उचललेच नाहीत, हे खरं. आई गेली. पासष्ट वर्षांची, पाण्याची कायम भीती असलेली माझी आई नऊवारी वर खोचून पाण्यात उतरली आणि सुनेचा हात धरून तिला घेऊन आली. घरात आल्यावर आईने झाकून ठेवलेली हिंगाची गोळी काढली आणि शुभाने आधी ती खाल्ली, मग पाणी मागितलं.

गाडी तिने उड्डाणपुलावर सोडली होती. पुलाची दोन्ही टोकं पाण्यात गेली, मधला उंचवटा उरला. तिथे ती आणि आणखी बरेच जण. सेलफोनची बॅटरी केव्हाच संपलेली. "एक ट्रकवाला होता," ती केस पुसता पुसता म्हणाली. "हा एवढा थोराड. त्याने निळी ताडपत्री ट्रकच्या दोन्ही बाजूंनी ताणून बांधली आणि आम्हाला सगळ्यांना खाली बसवलं. वाऱ्याने एक टोक सारखं सुटायचं. ते तो हाताने धरून उभा होता. रात्रभर."

मी ते मिस ओडीलला इंग्रजीत सांगितलं. तिने देवघराकडे पाहिलं. एक पंख नसलेल्या गरुडाकडे. नंतर माझ्याकडे. मी सुजलेल्या हाताकडे बघू लागलो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो.

पुढे मी हे सगळं वाचून काढलं. भित्र्या माणसाला वाचनाची फार आवड असते. मेदार खरोखर होऊन गेला, उत्तर फ्रान्समधला बिशप, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा. पावसाशी त्याचा संबंध काय, तर जवळपास काही नाही. जूनमध्ये तिकडच्या शेतकऱ्यांचं गवत कापून पडलेलं असायचं. पाऊस लागून राहिला की ते कुजणार आणि हिवाळ्यात जनावरं मरणार. त्या धास्तीला एखादी तारीख हवी होती, आणि तारखेला नाव हवं होतं. चर्चने दर दिवसाला एक संत नेमलेला होताच. त्या तारखेला जो सापडला त्याच्या गळ्यात पाऊस पडला. गरुड त्याला नंतर मिळाला असावा. मग कुणा पोपने कॅलेंडर दुरुस्त करताना मधले दहा दिवस काढून टाकले, तारीख सूर्यापासून सरकली, पण भीती काही सरकली नाही. ती त्या नावालाच चिकटून राहिली. आपला मृगही असाच हळूहळू सरकतोय म्हणे. पण हे सगळं मी वाचलं ते उजेडात, कोरड्या खुर्चीत बसून. उंबऱ्याशी पाणी आलं की माणूस वाचत नाही. गणपतीशेजारी जो कोणी ठेवलेला असेल त्याला तो कुंकू लावतो.

त्याच वर्षी आम्ही नेपरव्हिलला निघालो तेव्हा आई अजून आमच्याकडेच होती आणि मिस ओडील लुइझियानाला मुलीकडे जायच्या तयारीत होती. तिनेच संत दिला. "तुझ्या आईकडे असू दे," म्हणाली. "तिकडे तरी त्याला कोणीतरी हिंग देईल." आईने तो हिंगाच्या खड्यासह कॅलेंडरच्या पानात बांधून आमच्याच सामानात ठेवला. त्या दोघी आता नाहीत. व्हरांड्याच्या त्या दोन खुर्च्या कुणाकडे गेल्या, कोण जाणे. शुगर लँडला गेल्या वर्षी एका लग्नाला गेलो होतो तेव्हा मुद्दाम गल्लीत गाडी घातली. बायूच्या कडेने उंच सिमेंटची भिंत आली आहे. चिखलाचा वास येत नाही.

त्या वर्षानंतर आई पुन्हा चंद्रपूरला गेली तरी दर जूनला आमचा फोन जायचा. शुभा विचारायची, "आई, यंदा वाहन काय?" पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाजसुद्धा येत नसे. आई लगेच सांगायची, "हत्ती. बाहेर पडू नका." उंदराच्या वर्षी हत्ती, कोल्ह्याच्या वर्षी हत्ती. मी एकदा पंचांग काढून तिला पुराव्यानिशी दाखवलं. ती म्हणाली, "तुला फार कळतं. मुंग्या हातात घेणारा तू."

मी तळघरातून वर आलो. संत आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. बाहेर अंगणाच्या कडेला पाणी तुंबायला लागलंय, किंवा मला तसं वाटतंय. शुभा हिंग फुलवतेय. तिला न विचारता कळलं की खोकं उघडलं आहे.

फोन वाजला. मीरा. शिकागोला नोकरी करते, आज जेवायला येणार होती.

"बाबा, इट्स रियली पोअरिंग हियर. सगळे म्हणतायत अंडरपासमध्ये थोडं पाणी आहे, पण गाड्या जातायत. निघू का?"

माझा हात कोपरापर्यंत झिणझिणला. खिडकीवर एका पंखाचा गरुड पाण्याकडे बघत होता.

"आज मृग लागला," मी म्हणालो.

"ओ, राइट. सो व्हॉट्स द व्हेइकल?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आठ तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं. वाहन, गाढव.

"हत्ती," मी म्हणालो.

"बाबा, इट्स ऑलवेज द एलिफंट."

"हो," मी म्हणालो. "थांब तिकडेच. तुझी गोळी झाकून ठेवतो."